रेझिनचा माल बनवा, सगळा आम्हीच परत घेतो!

कोल्हापुरात सध्या गल्लीगल्लीत रेझिनचं काम चाललंय. रेझिन म्हणजे हार्डनर नावाचं दुसरं द्रव मिसळून साच्यात ओतलं की काचेसारखं घट्ट होणारं द्रव. लग्नातल्या हाराची फ्रेम, दारावरची पाटी, किचेन, आरतीचं ताट. बायका मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकतात आणि चांगलं शिकतात. मंगळवार पेठेतल्या आमच्या वहिनीही तशाच शिकल्या. त्यांनी केलेले कोस्टर मी रोज वापरते, अजून एकाचाही कोपरा उडालेला नाही. त्यामुळे फसल्या म्हणजे त्यांना काम येत नव्हतं, असं कुणी समजू नका. १५,३९८ रुपये गेले ते काम येत होतं म्हणूनच गेले.

सुरुवात एका फुकट व्हिडिओने झाली. हाराची फुलं रेझिनमध्ये कशी जपायची, असा विषय. साचा, रंग, ओतणं सगळं दाखवलेलं, पण फुलं आधी वाळवायची कशी ते नेमकं गाळलेलं. ताजं फूल तसंच बुडवलं की त्यातल्या ओलाव्याने बुडबुडे धरतात आणि पाकळी तपकिरी पडते. वहिनींचंही तेच झालं. त्यांनी खाली विचारलं, तर उत्तर आलं, "ताई, हेच सीक्रेट ९९ रुपयांच्या लाइव्ह वर्कशॉपमध्ये सांगतो." सीक्रेट म्हणजे काय, तर सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या खड्यांत, फुलं पुरून ठेवायची. ते इतर शेकडो व्हिडिओंत फुकट आहे.

वर्कशॉपमध्ये शेवटची वीस मिनिटं शिकवणं संपलं आणि विकणं सुरू झालं. १,९९९ चा पूर्ण कोर्स, सर्टिफिकेट आणि "बाय बॅक". म्हणजे आमच्याकडून किट घ्या, घरी माल बनवा, प्रत्येक नग आम्ही घेऊ, विक्रीची काळजी नको. घरात बसून काम करणाऱ्या बाईला नेमकं हेच हवं असतं. बनवायला हात तयार असतो, पण विकायला महाद्वार रोडवर कोण उभं राहणार? ही दुखरी जागा त्या लोकांना पक्की ठाऊक असते.

किट ६,५०० चं. वर "काम मिळण्याची अनामत" ५,०००, परत मिळणारी. सोबत कंपनीचं उद्यम प्रमाणपत्र आणि स्टॅम्प पेपरवरच्या कराराची पीडीएफ. आता हे उद्यम प्रमाणपत्र काय असतं ते ऐका. ती छोट्या-मध्यम धंद्याची सरकारी नोंदणी. आधार आणि पॅन असलेला कुणीही व्यावसायिक सरकारी पोर्टलवर स्वतःच माहिती भरून ते फुकट काढू शकतो. धंदा सचोटीचा आहे, असं त्यात सरकार कुठेही म्हणत नाही. पण अशोकस्तंभ बघितला की आपल्याकडे माणूस गप्प बसतो.

किट आलं. बाटल्यांवर ना कंपनीचं नाव, ना बॅच, ना मिसळायचं प्रमाण. रेझिन आणि हार्डनर वजनाने मोजायचं की मापाने, हे ज्या त्या मालावर ठरतं. ते चुकलं की नग कायमचा चिकट राहतो, वरून हार्डनर ओतून सुधारत नाही. त्यात आपला पावसाळा. हवेत दमटपणा असला की हार्डनरवर परिणाम होऊन वरचा थर धुरकट, तेलकट होतो. वहिनींनी विचारलं तर "व्हिडिओ परत बघा मॅम" एवढंच. तरी त्यांनी पंख्याखाली, खिडक्या लावून माल तयार केला, आणि तो खरंच बरा झाला होता. मी हात लावून बघितलाय.

मग फोटो पाठवल्यावर "क्वालिटी चेक"मध्ये सगळे नग नापास. पुन्हा तपासणीसाठी १,८०० भरा. वहिनींनी भरले, आणि त्याच रात्री मला सांगितलं.

आम्ही दोघी बसून कोर्सच्या ग्रुपवरचे जुने मेसेज चाळत होतो. "पेमेंट मिळालं, थँक्यू मॅम" असे स्क्रीनशॉट रोज पडायचे. यूपीआयच्या व्यवहाराला १२ आकडी यूटीआर नंबर असतो आणि तो प्रत्येक व्यवहाराचा वेगळा असतो. इथे सांगलीच्या ताई आणि कराडच्या ताई, दोघींच्या स्क्रीनशॉटवर तोच नंबर! रक्कम वेगळी, नाव वेगळं, नंबर एकच. मग व्हिडिओही नीट बघितले. एकात हातावर मेंदी, दुसऱ्यात भलतेच हात, आणि मागच्या भिंतीवरचं प्लगचं सॉकेट आपल्या देशातलं नव्हतंच. कुणा परदेशी बाईचे व्हिडिओ उचलून वर मराठी आवाज चढवलेला. गूगल लेन्सवर चित्र टाकलं तर मूळ व्हिडिओ सापडलासुद्धा. शिकवणारी बाईच नव्हती तिथे!

पैसे परत मागितल्यावर "वकिलाची नोटीस" आली. ठरलेला माल वेळेत दिला नाही, १२,००० दंड या क्यूआरवर भरा, नाहीतर कोर्टात केस. वहिनींची झोप उडाली. घरी कळलं तर काय, ही भीती त्यांना पैशापेक्षा मोठी होती, आणि ही टोळी जगते ती त्याच भीतीवर. शेजारच्या वकीलकाकांनी नोटीस बघितली आणि विचारलं, "अगं, दंड ठरवायच्या आधीच क्यूआर कोड? असलं कुठलं कोर्ट काढलंय?" घरी सांगितलं. दादा चिडला, पण वहिनींवर नाही.

सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, म्हणजे १९३० वर फोन केला, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरली. हा नंबर लवकर लावण्याला फार महत्त्व आहे, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला अडवता येतो. आमचं उदाहरण घ्या. आदल्या रात्रीचे १,८०० तेवढे एका खात्यात अडकले. किट, अनामत, कोर्सचे पैसे आठवडे उलटून गेलेले आणि प्रत्येक वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यात गेलेले. कंपनीच्या नावाचं खातं एकदाही नव्हतं. तुम्हाला कुणी वैयक्तिक नावाच्या यूपीआयवर कोर्सची फी मागत असेल तर तिथेच थांबा. चॅट पुसू नका, ग्रुप सोडायच्या आधी सगळे स्क्रीनशॉट घ्या, प्रत्येक यूटीआर लिहून ठेवा. पोलिसांनी पहिल्यांदा तेच मागितलं.

आणि जो तुमचा सगळा माल विकत घेणार आहे, त्याला तुमच्याकडून अनामत कशाला लागते? आमच्या पापाच्या तिकटीवरचा चपलांचा दुकानदार कारागिराला कातडं देतो, मजुरी देतो, वेळ पडली तर उचलही देतो. कारागिराकडून पैसे घेऊन काम देताना मी तरी अजून कुणाला बघितलं नाही.

तक्रार केल्यावर पुन्हा एक फोन आला. "मी सायबर विभागातून बोलतोय, तुमची रक्कम मंजूर झालीय, २ टक्के प्रोसेसिंग भरा." फसला असाल तर हा फोन तुम्हालाही येऊ शकतो, कारण फसलेल्यांच्या याद्या हीच माणसं आपापसात फिरवतात. वहिनींनी विचारलं, "साहेब, तुमचं ठाणं कुठं आलं?" तो म्हणाला, "कोल्हापूर हेड ऑफिस." फोन ठेवला आणि तो नंबरही आम्ही पोलिसांकडे त्याच तक्रारीला जोडून दिला.