स्टार ट्रेकचं आरसा-विश्व: १९६७चं की २००५चं?

स्टार ट्रेक या अंतराळ-मालिकांतलं आरसा-विश्व म्हणजे समांतर जग, जिथे ओळखीचीच माणसं क्रूर रूपात भेटतात. त्यावरच्या दोन कथांपैकी आधी कोणती बघावी? १९६७च्या ‘मिरर, मिरर’ या भागात आयन वादळात ट्रान्सपोर्टर (माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणारं यंत्र) गडबडतो आणि एंटरप्राइझ जहाजाचा कप्तान कर्क व त्याचे सहकारी मॅकॉय, स्कॉटी, उहुरा थेट क्रूर साम्राज्याच्या जहाजावर जाऊन पडतात. इथे वरिष्ठाला मारलं की बढती. तिथल्या काइल या कर्मचाऱ्याकडून चूक होते, तेव्हा पट्ट्याला लावलेलं स्वतःचंच यातनायंत्र त्याला काढून शिक्षेसाठी तिथल्या स्पॉक या वरिष्ठाच्या हाती द्यावं लागतं. एवढ्या एका कृतीत अख्खी राजवट कळते! चांगली माणसं वाईट जगात अडकल्यामुळे प्रत्येक प्रसंगाला ताण आहे.

२००५चा ‘इन अ मिरर, डार्कली’ दोन भागांचा, ‘एंटरप्राइझ’ या नंतरच्या मालिकेतला. यात आपल्याकडचं कोणीच पलीकडे जात नाही. सुरुवातीलाच पृथ्वीवरचा संशोधक कॉक्रन हस्तांदोलनाऐवजी भेटीला आलेल्या व्हल्कन या परग्रहवासीयावर गोळी झाडतो, आणि शीर्षकदृश्यांतही शोधमोहिमांच्या जागी युद्ध दिसतं. कल्पना जबरदस्त, पण सगळेच दगाबाज असल्याने जीव कोणात गुंतवायचा हा प्रश्न पडतो. जहाजावरची अधिकारी होशी मात्र शेवटी बाजी मारते.

आधी १९६७चाच बघा. मग १९६८चा ‘द थोलियन वेब’, कारण त्यात नाहीसं झालेलं ‘डिफायंट’ जहाजच २००५च्या कथेतल्या आर्चर या मुख्य पात्राच्या हाती लागतं. तो भाग चुकला तर शंभर वर्षं पुढचं हे जहाज आलं कुठून, ते नीट उमगत नाही.