एआय एजंटला ऑर्डर देता यावी म्हणून लिहिलेलं डॉक्युमेंटेशन: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमची ऑर्डर यंत्रणा एआय एजंटना, म्हणजे वापरकर्त्याच्या सांगण्यावरून स्वतः कामं करणाऱ्या एआय प्रोग्रामना, जोडून बरेच महिने झाले. जोडणी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलची, म्हणजे एमसीपीची; एआयला बाहेरच्या यंत्रणांशी जोडायचा हा एक सामायिक नियमसंच. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. त्यात प्रत्येक टूलला, म्हणजे एजंट वापरू शकेल अशा प्रत्येक क्रियेला, नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (कोणती माहिती कोणत्या प्रकारात द्यायची याचा आराखडा) असतो. सर्व्हर उभा करणं सोपं आहे, त्यावर वेळ घालवत नाही. सगळा कस लागतो तो वर्णनं लिहिताना.

आधीची वर्णनं कोडवरून आपोआप तयार झालेली होती. मुख्य टूलपुढे फक्त 'ऑर्डर तयार करते' एवढंच. प्रोग्रामरचं तेवढ्यावर भागतं, कारण अडलं की तो कोड उघडतो किंवा कुणाला तरी विचारतो. एजंटपुढे मात्र तेवढीच ओळ असते. जे लिहिलेलं नाही ते तो अंदाजाने भरतो, आणि अंदाज इतका सफाईदार असतो की चूक लवकर लक्षातही येत नाही.

वापरकर्त्याने २४ पेनं मागितली. पेनं विकली जातात १२ च्या पाकिटात. फील्डचं नाव 'क्वांटिटी', प्रकार पूर्णांक, बाकी काही नाही. एजंटने २४ भरलं आणि २४ पाकिटांची, म्हणजे २८८ पेनांची ऑर्डर तयार झाली. स्कीमाच्या हिशेबाने सगळं वैध! आता फील्डचं नावच 'पाकिटांची संख्या' आहे आणि खाली लिहिलंय: "ही संख्या पाकिटांची, सुट्या नगांची नाही. एका पाकिटात किती नग, हे उत्पादन शोधण्याच्या टूलच्या उत्तरात मिळेल. भाग पूर्ण जात नसेल तर स्वतः कमीजास्त करू नका, वापरकर्त्याला विचारा." या तिन्हींत शेवटच्या वाक्याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. काय करावं हे बहुतेक जण लिहितात. कुठे थांबावं हे लिहायचं राहून जातं.

रकमेचं त्याहून नाजूक. यंत्रणा रक्कम चलनाच्या लहानात लहान एककात घ्यायची. डॉलरला दोन दशांश स्थळं, पण चलनांच्या आयएसओ ४२१७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार जपानी येनला एकही नाही आणि कुवेती दिनारला तीन. 'शंभराने गुणा' असं लिहून भागत नाही. बराच खल करून आम्ही रक्कम एजंटकडून घेणंच बंद केलं. किंमत सर्व्हर काढतो, एजंट फक्त कोटेशनचा क्रमांक परत देतो. माझं ठाम मत आहे की जी गोष्ट समजवायला परिच्छेद लागतो, ती शक्य तिथे एजंटला विचारूच नये.

यातून एका टूलची दोन झाली: एक कोटेशन घेणारं, दुसरं ऑर्डर पक्की करणारं. याने दुहेरी ऑर्डरचा प्रश्नही सुटला. उत्तर यायला उशीर झाला की एजंट पुन्हा प्रयत्न करतो. आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली तर ओळखता यावी म्हणून तिला जोडलेली खूण) ठेवली तरी प्रत्येक प्रयत्नाला त्याने नवी की बनवली तर ती असून नसून सारखीच. आता एका कोटेशनवर एकच ऑर्डर होते. तोच क्रमांक पुन्हा आला तर आधीचीच ऑर्डर परत मिळते. वर्णनात तेही स्पष्ट लिहिलंय, म्हणजे एजंट घाबरून नवं कोटेशन काढत बसत नाही.

एररचा मजकूर हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग आहे, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. नुसतं '४२२, अवैध विनंती' आलं की एजंट फील्ड बदलून बदलून पाहतो. त्याऐवजी 'या मालाची ३ पाकिटंच शिल्लक आहेत. कमी घ्यायची का ते वापरकर्त्याला विचारा आणि नवं कोटेशन काढा' असं आलं की तो पहिल्याच फेरीत मार्गावर येतो.

एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूलवर खुणा करायची सोय आली: हे फक्त वाचतं, हे मोडतोड करू शकतं, हे पुन्हा चालवलं तरी फरक पडत नाही, वगैरे. त्या जरूर भराव्यात, पण त्या केवळ सूचना आहेत. 'पैसे जाण्याआधी माणसाची संमती' ही अट खुणेवर सोडू नका, प्रत्यक्ष यंत्रणेत बसवा.

वर्णन लांबवत नेण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. ही वर्णनं मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ते एका वेळी वाचतं त्या मजकुरात, जातात, जागा खातात, आणि महत्त्वाची अट पाचव्या ओळीत गेली की दुर्लक्षित राहते. एकसारखी दिसणारी शोधाची टूल्स आम्ही एकत्र केली, तेव्हा चुकीचं टूल निवडलं जाणं एकदम कमी झालं.

वर्णनातला एक शब्द बदलला तरी विनंत्यांचा ठरलेला संच पुन्हा चालवून पाहतो. मॉडेल बदललं तरीही. त्या संचात ऑर्डर जाऊच नये अशा विनंत्या मुद्दाम ठेवल्यात. 'किती पडेल ते बघ' म्हटल्यावर एजंटने कोटेशन दाखवून थांबलं पाहिजे, 'मागवून टाक' म्हटल्यावर पुढे जायला हवं. नवं मॉडेल लावताना सगळ्यात आधी मी याच दोन विनंत्यांचे निकाल बघतो.