तिसरी-चौथीच्या मुलांना रोबोटिक्स: तयार किट घ्यावं की लॅमिंग्टन रोड गाठावा?

शाळेत किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये छोट्यांसाठी रोबोटिक्स सुरू करायचं ठरलं की गाडी हमखास सामानावर येऊन अडते. मुंबईत आज साधारण तीन वाटा दिसतात. ठोकळे जोडायचं तयार किट, मायक्रोबिटसारखा प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड, नाहीतर पुठ्ठा-मोटर-सेल असा सुट्टा माल. परळच्या एका मराठी शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर मी या तिन्ही वापरल्या आहेत. कुठल्या पेटीत किती तुकडे येतात आणि ॲप कुठल्या टॅबवर चालतं हे विकणारे सांगतीलच, त्यामुळे ते इथे नको.

आधी एक खुलासा. ‘आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. ती केंद्र सरकारची योजना सहावी ते बारावीसाठी आहे. प्राथमिकच्या मुलांची सोय आपल्यालाच पाहावी लागते.

तयार किटचं कौतुक मी मनापासून करतो. त्यातले गिअर एकमेकांत जसे बसतात तसे घरगुती सामानात कधीच बसत नाहीत. 8 दातांचं चाक 24 दातांच्या चाकाला लावलं की लहान चाक तीन वेळा फिरतं तेव्हा मोठं एकदा फिरतं. मुलं चाकावर पेनाने ठिपका काढून हे मोजतात, आणि ताकद वाढली की वेग जातो हे फळ्यावर काही न लिहिता कळतं. पुठ्ठ्याचे दात कापून हेच करायला जा, दुपारपर्यंत ते झिजलेले असतात. वर्गात चाळीस मुलं आणि बाई एकट्या असतील तर किटच बरं. गोंद नाही, कात्री नाही, कोणाचं बोट भाजत नाही.

माझं गाडं अडलं ते मोडण्यापाशी.

पेटी पुढच्या तुकडीला लागते, म्हणून तास संपायच्या आधी बनवलेलं सगळं मोडून, तुकडे मोजून, कप्प्यात परत ठेवायचं असतं. ब्रँड कुठलाही घ्या, पेट्या मोजक्या आणि मुलं जास्त असली की हेच होणार. तासाची शेवटची दहा-पंधरा मिनिटं यातच जातात. एखादी बोटाच्या पेराएवढी पिन सापडत नाही आणि अर्धा वर्ग बाकांखाली रांगत असतो. एका मुलीने विटा उचलणारी क्रेन केली होती, दोरी गुंडाळणारी, छान चालणारी. ती माझ्यामागे लागली, ‘सर, आजीला दाखवायला नेऊ का? उद्या नक्की आणते.’ नाही म्हणावं लागलं. आम्ही फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकायचो, पण फोटोतली क्रेन आजीसमोर काही उचलत नाही.

कोणी म्हणेल, मोडणं हाही शिकण्याचाच भाग आहे. असेल. पण मला पुढे जे दिसलं ते जास्त खटकलं. काही आठवड्यांनी मुलं मोडायला सोपं तेवढंच बनवायला लागली. उंच काही नाही, गुंतागुंतीचं काही नाही. दहा मिनिटांत सुटं होईल अशी गाडी करायची आणि मोकळं व्हायचं. बाईंना ही शिस्त वाटली. मला ती काळजीची गोष्ट वाटली.

सुट्ट्या मालाकडे वळलो ते यामुळे. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गाला लागलात की इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात ‘बीओ मोटर’ मागा. पिवळ्या प्लास्टिकच्या डबीतली ही गिअरवाली मोटर शंभराच्या आत मिळते. एका चांगल्या किटच्या पैशात वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक येते आणि ती त्याचीच राहते.

या पिवळ्या डबीत काय काय शिकवता येतं ते पाहा. पेन्सिल सेल दोन, तारा दोन. जोडल्या की आस फिरते. तारांची अदलाबदल केली की उलटी फिरते. किटमध्ये दिशा बदलायला स्क्रीनवरचा बाण दाबतात, आणि तो बाण आत काय करतो हे मुलाला कधीच दिसत नाही. इथे दोन बोटांत तार धरून ते स्वतःच करतं. एक मोटर खास उघडायला ठेवा. दोन स्क्रू काढले की आत प्लास्टिकच्या चाकांची उतरंड दिसते. नेहमीच्या मोटरीत हे प्रमाण 1:48 असतं, म्हणजे आतली छोटी मोटर 48 वेळा फिरते तेव्हा बाहेरची आस एकदा. मुलं ते आपल्या हाताने फिरवून बघतात. कोणी मोजायला बसतं, वीसच्या पुढे हटकून चुकतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं.

त्रासही आहे, लपवत नाही. या मोटरीच्या पाठीवर तार जोडायला तांब्याचे दोन इवलेसे पत्रे असतात आणि ते दोनदा वाकवले की तुटतात. तुटले की मोटर गेलीच समजा. यावर उपाय एवढाच, की आपण घरी तारा झाळून (सोल्डर करून) आणायच्या आणि वर ग्लू गनचा एक ठिपका टाकायचा, म्हणजे ओढाताण पत्र्यांवर येत नाही. ग्लू गन मोठ्यांच्याच हातात. मोबाईलच्या जुन्या बॅटऱ्या आणि बटण सेल वर्गात आणूच नयेत. पहिल्या पेट घेऊ शकतात, दुसरे गिळले जाऊ शकतात. शिवाय आपली शाळा सुरू होते ती जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर. हवेतल्या ओलीने पुठ्ठा असा नरम पडतो की गाडीचं पोट दोन दिवसांत जमिनीला टेकतं. ऑगस्ट संपेपर्यंत सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका ताठ बोर्ड, वापरा. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, साध्या कटरने कापता येतो.

पण गाडी घरी जाते. चाळीच्या गॅलरीत शर्यत लागते, आणि सोमवारी ती वेगळीच होऊन परत येते. एकाच्या बाबांनी स्विच बसवलेला असतो, एकीने बाटलीच्या झाकणांऐवजी श्रीखंडाच्या डब्याची झाकणं लावलेली असतात. चाकं मोठी झाली, गाडी पळते पण चढ चढत नाही. गिअरचा धडा असा घरूनच तयार होऊन येतो.

‘पण हे रोबोटिक्स नव्हे, हस्तकला झाली,’ असं एक पालक मला म्हणाले. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. त्यांच्यासाठी ‘झुरळ’. नाव मुलांनीच ठेवलं. दोन मोटरी, चार सेल, आणि तीन पायांचे दोन लिमिट स्विच (दाबले की वीज एका पायावरून दुसऱ्यावर वळवणारे), ज्यांना तारेच्या लांब मिशा लावलेल्या. चार सेलच्या माळेच्या मधूनही एक तार काढायची, म्हणजे स्विच एकीकडे असला की मोटर सरळ आणि दुसरीकडे गेला की उलटी. डावा स्विच उजव्या मोटरीला, उजवा डाव्या. डावी मिशी भिंतीला लागली की उजवं चाक मागे फिरतं आणि झुरळ भिंतीपासून उजवीकडे वळतं. स्पर्श कळला, निर्णय झाला, चाल बदलली, आणि आत एकही चिप नाही. तारा चुकून सरळ जोडल्या तर ते भिंतीलाच धडका देत बसतं. का, हे शोधायला मुलांना मजा येते.

प्रोग्रॅमिंगचं म्हणाल तर या वयात सुरुवात कागदावर आणि फरशीवर होऊ शकते. लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा 1967 मध्ये आली. तिच्यात हुकूम देऊन एक कासव चालवायचं असतं. ती घडवणाऱ्यांपैकी सीमोर पॅपर्ट मुलांना सांगत, कासव व्हा आणि स्वतः चालून बघा. आम्ही एकाचे डोळे बांधतो, तो आमचा रोबो, आणि बाकीचे ‘चार पावलं पुढे, उजवीकडे वळ’ अशा चिठ्ठ्या लिहितात. चिठ्ठी चुकली की रोबो बाकावर आपटतो. चूक कुठल्या ओळीत होती ते मुलं लगेच दाखवतात.

मायक्रोबिट मला आवडतो, पण चौथीच्या शेवटी किंवा पाचवीत. ब्रिटनमध्ये 2016 साली तो शाळांत फुकट वाटला गेला तोही अकरा-बारा वर्षांच्या मुलांना. 25 दिव्यांच्या चौकोनात चित्रं काढायला मुलं रमतात. मराठी नाव मात्र पाच बाय पाच ठिपक्यांत धड बसत नाही. मोटर थेट जोडता येत नाही, मध्ये मोटरीला पुरेशी वीज देणारा ड्रायव्हर बोर्ड लागतो, आणि प्रत्येक गटाला लॅपटॉप किंवा टॅब हवा. तेवढी सोय असेल तर जरूर घ्या.

शाळेकडे पैसे असतील आणि मदतीला माणूस नसेल तर किट घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त शक्य असेल तर एक पेटी जास्त घ्या आणि चांगली जमलेली वस्तू निदान आठवडाभर कपाटावर तशीच राहू द्या. पण शनिवारची एक दुपार आणि मदतीला दोन पालक मिळत असतील, तर माझं मत पिवळ्या मोटरीला. खरेदीला रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. आणि दुकानदार 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी पुढे करेल, ती घेऊ नका. मोटरीखाली ती बघता बघता संपते. पेन्सिल सेल आणि त्यांचे होल्डरच घ्या, होल्डर दोन-चार जास्तीचे.