धुळ्याच्या कोर्टामागची खानावळ: फौजदारी डाळ खायचीय तर दीडच्या आत पोचा

धुळ्यात अकरा वर्षं झाली प्रॅक्टिसला, त्यातली नऊ वर्षं दुपारचं जेवण इथेच, त्यामुळे रिव्ह्यू थोडा एकतर्फी होणार, आधीच कबूल करतो. कोर्टामागच्या गल्लीत आहे, पाटीबिटी काही नाही, खुंटीला काळे कोट टांगलेले दिसले की आत शिरायचं. उन्हाळ्यात खालच्या कोर्टात कोट सक्तीचा नाही असं बार कौन्सिलच्याच नियमात आहे, पण मे महिन्याच्या त्या भट्टीतही निम्मे जण घालूनच येतात, कोट नसला तर पक्षकाराला आपण वकील वाटतच नाही ना.

मेन आयटम म्हणजे फौजदारी डाळ. नाव ऐकून बाहेरची माणसं हसतात, पण आपल्या खान्देशात हीच खरी. तीनचार डाळी एकत्र शिजवलेल्या, त्यात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण, काळा मसाला आणि वर लालभडक तर्री. भाकरी कुस्करायची, लिंबू पिळायचं, तिसऱ्या घासाला कानामागून घाम. एकदा आमच्या एका सिव्हिलवाल्याने विचारलं, मावशी दिवाणी डाळ नाही का, तर मावशी म्हणे तिले शिजाले वीस वरीस लागतस.

शेवभाजी मात्र मागवू नका. शेव आधीच रश्श्यात टाकून ठेवतात, तुमच्यापुढे येईपर्यंत तिचा लगदा झालेला असतो, दहा वेळा सांगून झालं. पंखा एकच आणि तोही सीनियर लोकांच्या टेबलावर.

आता खरं सांगायचं तर मी इथे डाळीपेक्षा त्या कोपऱ्यातल्या लांब टेबलासाठी जातो. सकाळी पुकारा होईपर्यंत ताटकळायचं, साक्षीदार आलेला असतो तर समोरचा मुदत अर्ज देतो, पक्षकार म्हणतो साहेब तुम्ही काहीच बोलले नाही, मग पुढची तारीख. असा दिवस डोक्यात घेऊन घरी गेलं की बायकोपोरांवर निघतो, त्या टेबलावर निघाला तर सगळे हसतात आणि ताक मागवतात. अमेरिकेत 2015 साली क्रीगर आणि शेल्डन या दोघांचा सहा हजारांवर वकिलांचा अभ्यास आला होता, कमी पगारात लोकांसाठी काम करणारे वकील मोठ्या फर्मवाल्यांपेक्षा जास्त खूश निघाले आणि दारूही कमी पीत होते. मी टेबलावर सांगितलं तर एक सीनियर म्हणाले, पगार म्हणजे काय राहतं रे भो? ते म्हणतात ते खरंय, पण हेच गृहस्थ पोटगीच्या केसला फी घेत नाहीत आणि टेबलावर सगळ्यात जोरात तेच हसतात.

ज्युनियर पोरांचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 च्या ऑक्टोबरात सांगितलं की ज्युनियरला शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 द्या, पण ती शिफारस, सक्ती नाही. मला माझ्या पहिल्या सीनियरकडे दोन वर्षं पेट्रोलपुरतेच मिळायचे आणि तेही मागितल्यावर. मावशीकडे एक लाल वही आहे, त्यात ज्युनियरची उधारी लिहितात, पहिली फी आली की पोरगं स्वतः येऊन आपलं पान फाडून नेतं. माझं पान माझ्या पाकिटात आहे अजून, 640 रुपये, खाली मावशीचा तर्रीचा अंगठा उमटलेला.

परवा एक पोरगी पहिला जामीन करून आली, कोटसुद्धा न काढता बसली, दोन ताटं मागवली, एक तिचं आणि एक आरोपीच्या आईचं, ती म्हातारी सकाळपासून कोर्टाच्या पायरीवर उपाशी होती. त्या दिवशी मावशीने दोन्ही ताटांचे पैसे घेतले, वहीत लिहिलं नाही, आणि पोरगी केवढी खूश.

ताट 90 रुपये, भाकरी दोन, तिसरीचे वेगळे. रविवारी आणि कोर्टाच्या सुट्टीला बंद. दीडनंतर गेलात तर ऐकायला मिळेल, दाय सरनी भो (डाळ संपली), शेवभाजी ले.