हॉलीहॉकच्या बियांची दोन पाकिटं: एकेरी आणि 'चेटर्स डबल'

कुंपणाच्या भिंतीलगत माणसापेक्षा उंच जाणारी, खालपासून वरपर्यंत फुलत जाणारी फुलं हवी असतील तर हॉलीहॉक लावाच. मी पुण्यात राहते, अंगणात पूर्वेकडे लांबट वाफा आहे, आणि दुपारी तीनपर्यंत तिथे ऊन असतं. गेल्या हंगामात मी एकाच ऑनलाइन दुकानातून दोन पाकिटं घेतली. एक एकेरी फुलांचं, मिश्र रंगांचं, ४० रुपयांचं. दुसरं 'चेटर्स डबल' या दुहेरी, म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या जातीचं, १२० रुपयांचं. दोन्ही शेजारी-शेजारी पेरली. माती, पाणी, ऊन सगळं सारखंच, त्यामुळे फरक स्पष्ट दिसला.

बी चांगलं निघालं, दोन्हींचं. हॉलीहॉकचं बी चपटं, चकतीसारखं असतं. पोकळ असेल तर चिमटीत चुरडतं. हे भरीव होतं, कचरा नव्हता, पाकिटावर चाचणीची तारीख आणि मुदत स्वच्छ छापलेली होती. दहा-बारा दिवसांत बहुतेक सगळं वर आलं.

पाकिटाच्या मागची माहिती मात्र आपल्याकडे काहीच कामाची नाही. 'मार्च ते मे पेरा, पुढच्या उन्हाळ्यात फुलं' असं छापलंय. हे थंड देशातलं वेळापत्रक. तिथे हे झाड पहिल्या वर्षी नुसती पानं वाढवतं, बर्फाचा हिवाळा काढतं आणि दुसऱ्या वर्षी फुलतं. आपल्याकडे पठारावर ते हिवाळी हंगामाचं फूल आहे. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरायचं, फेब्रुवारी ते एप्रिल फुलं बघायची. छापलंय तसं मार्चमध्ये पेरलं तर कोवळी रोपं थेट मेच्या उन्हात सापडतील. ज्याने पहिल्यांदाच बाग सुरू केली आहे तो पाकिटावर विश्वास ठेवणार, झाड जगलं नाही की स्वतःला दोष देणार. याचा मला मनापासून राग येतो. दुकानाला मी तसं कळवलं, उत्तर आलं नाही.

दुसरी गडबड: 'रोपं तयार करून कुठेही हलवा.' याला सोटमूळ असतं, सरळ खाली जाणारं. मोठं रोप उपटून लावलं की ते मूळ तुटतं आणि झाड खुरटतं. जागेवरच पेरा, अर्धा-एक सेंटिमीटर खोल, आणि दोन झाडांत हात-दीड हात अंतर ठेवून बाकीची विरळून टाका. ट्रेमध्येच करायची असतील तर तीन-चार पानांवर असताना, मातीच्या गोळ्यासकट हलवा. कुंडी हवी तर खोल घ्या. उथळ, पसरट कुंडीत हे झाड सुखी होत नाही.

संक्रांतीपर्यंत नुसती पानांची बैठक दिसते, हाताच्या पंज्याएवढी खरखरीत पानं. मग मधूनच दांडा निघतो आणि भराभर चढतो. त्याला बांबू आणि सुतळी आधीच लावून ठेवा, वाऱ्याने एकदा कलला की पुन्हा सरळ होत नाही.

आता फुलांबद्दल. हॉलीहॉक जास्वंदी, भेंडी आणि कापसाच्या कुळातलं आहे, आणि एकेरी फूल पाहिलं की नातं लगेच कळतं: पाच पाकळ्या, मधे परागांचा खांब. सकाळी आठच्या सुमाराला काळा भुंगा त्यात शिरतो, फूल त्याच्या वजनाने डुलतं, आणि बाहेर येतो तेव्हा पाठीवर, पायांवर फिकट परागांची भुकटी माखलेली असते. उडण्याआधी पाकळीच्या कडेवर बसून पाय घासतो. दहा-दहा मिनिटं मी तिथे उभी असते. माझ्या पाकिटात गुलाबी, पांढरा, आणि काळपट वाटावा इतका गडद किरमिजी असे रंग आले.

'चेटर्स डबल'ची फुलं भरगच्च, झिरमिळ्या कागदाच्या गोंड्यासारखी. फोटोला देखणी. पण मधला भाग पाकळ्यांनी भरलेला असल्याने भुंगे घुटमळून निघून जातात. शिवाय पाकिटातली काही झाडं एकेरीच निघाली. बियांपासून वाढवलेल्या दुहेरी जातीत असं होतं, पण तिप्पट किमतीला ते पाकिटावर लिहायला हवं होतं. ही जात इंग्लंडमधल्या सॅफ्रन वॉल्डन गावच्या विल्यम चेटर यांची, एकोणिसाव्या शतकातली. तिथे तेव्हा हॉलीहॉकचं मोठं वेड होतं. मग १८७३ मध्ये मूळचा चिलीचा तांबेरा हा बुरशीचा रोग इंग्लंडात पोचला आणि बागाच्या बागा गेल्या.

तो तांबेरा आपल्याकडेही या झाडाचा मुख्य शत्रू आहे. पानावर वरून पिवळे ठिपके, उलटं केलं की खाली तपकिरी-नारिंगी पुटकुळ्या. अशी पानं लगेच काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. पाणी सकाळी, बुंध्याशी, पानांवर नाही. माझ्याकडे दुहेरी झाडांच्या खालच्या पानांवर तो जास्त आला. मार्चच्या कोरड्या उन्हात लाल कोळी ही बारीक कीडही येते, तिला पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. तोही सकाळीच, म्हणजे पानं उन्हात लवकर वाळतात.

एकेरीच्या पाकिटाला मी पाचपैकी साडेचार देते, अर्धा गुण मागच्या मजकुरापायी गेला. दुहेरीला तीन. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनासाठी कुंड्या सजवणाऱ्यांनी मात्र हॉलीहॉकवर भिस्त ठेवू नये, ऑक्टोबरची पेरणी तोवर फुलत नाही. घरच्या वाफ्यासाठी ४० रुपयांचं पाकीट घ्या. वाळलेल्या बोंडांतलं बी कागदी पिशवीत भरून ठेवलं की पुढच्या दसऱ्याला तेवढाही खर्च नाही. रंग मात्र तेच येतील असं नाही, भुंगे सगळ्या फुलांवर फिरलेले असतात.