सुधारित सांबा महसुरी: पऱ्हे (रोपं) टाकण्यापासून कापणीपर्यंतचा अनुभव (मौदा, जि. नागपूर)

पेंच कालव्याखालच्या बांधीत (खाचरात) जून ते नोव्हेंबर हे धानाचं वाण लावलं. धुऱ्यापलीकडे तुलनेसाठी जुनी सांबा महसुरी, म्हणजे बीपीटी ५२०४ होती. कडा करपा, म्हणजे पानांच्या कडा वाळवणारा जिवाणूचा रोग; त्यापुरतं बियाणं पूर्ण खरं उतरलं. मानमोडी हा बुरशीचा रोग, आणि गादमाशी, तुडतुडे या किडींसाठी मात्र त्याच्या भरवशावर राहू नका. तिथं ते जुन्या सांबासारखंच नाजूक आहे.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, म्हणून आधीच सांगतो: हे जीएम (प्रयोगशाळेत परकं जनुक घातलेलं) नाही. हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयानं आणि सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्र संस्थेनं संकर, परतसंकर (मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर) आणि दर पिढीत डीएनए मार्करनं (जनुक ओळखणाऱ्या खुणेनं) निवड करून ते तयार केलं. प्रसारण २००८ चं. त्यात तीन जनुकं आहेत. एक्सए२१ जंगली धानातून आलेलं, ते जिवाणूची चाहूल घेतं. एक्सए१३ चं काम तर फारच सुंदर आहे. जिवाणू एरवी झाडाचं साखर बाहेर सोडणारं जनुक स्वतःसाठी चालू करून घेतो. इथं त्या जनुकाचं बटणच बदललेलं असल्यानं जिवाणूची उपासमार होते. एक्सए५ मुळे जिवाणूला झाडाची यंत्रणा हाताशी धरता येत नाही. एकाच जनुकावर विसंबलेलं वाण जिवाणूच्या नव्या प्रकारापुढे पडू शकतं, तिन्ही एकदम भेदणं त्याला फार अवघड.

खताचा हिशेब एकरी ४० किलो नत्र, तीन हप्त्यांत: निम्मं रोवणीला, उरलेलं फुटव्याला आणि लोंबी पोटात असताना. युरिया वाढवला की कडा करपा जोर धरतो. प्रतिकार असला तरी हात आखडताच ठेवा. रोवणीआधी पऱ्ह्याचे शेंडे छाटायची सवय सोडा. कापलेल्या टोकातून जिवाणू थेट आत जातो, आणि कोवळ्या वयात एक्सए२१ पुरतं जागं झालेलं नसतं.

बियाणं खरं आहे का, हे कात्रीनं कळतं. रोग आधीच आलेल्या बांधीतली १५-२० पानं बारीक कापून अर्धा लिटर पाण्यात अर्धा तास ठेवा, पाणी गाळा. फुटवे भरात असताना, संध्याकाळी, कात्री त्यात बुडवून दहा झाडांची वरची पाच-पाच पानं टोकाकडून २-३ सेंमी छाटा. दर झाडाला कात्री पुन्हा बुडवायची. चौदाव्या दिवशी पट्टीनं मोजा. आमच्याकडे सुधारित सांबाचा डाग २-३ सेंमीवर थांबला. जुन्या सांबात तो दोन्ही कडांनी नागमोडी, गवताच्या रंगाचा होत १५ सेंमीच्या पुढे गेला, आणि सकाळी दवात त्यावर दुधाळ थेंब दिसले. उन्हात ते वाळून पिवळे मणी होतात. दुपारच्या उन्हात केलेली चाचणी फसते. कात्री स्पिरिटनं पुसून ओली असतानाच बुडवली तर जिवाणू मरतात आणि सगळंच बियाणं चांगलं वाटतं. कापामुळे सुकलेलं अर्धा-एक सेंमी टोक रोगात धरू नका. ही चाचणी आधीच रोग असलेल्या शिवारातच करा, आणि उरलेलं पाणी उकळून टाका.

शंका असेल तर पीसीआर (डीएनएची प्रयोगशाळेतली चाचणी) करून घ्या. एक्सए१३ च्या मार्करला प्रतिकारक पट्टी साधारण ५०० बेसची (बेस म्हणजे डीएनएच्या लांबीचं माप), रोगाला बळी पडणारी २५० ची. दोन्ही पट्ट्या दिसल्या, म्हणजे एक प्रत प्रतिकारक आणि एक बळी पडणारी असली, तर ते झाड उपयोगाचं नाही: एक्सए१३ आणि एक्सए५ अप्रभावी जनुकं आहेत, दोन्ही प्रती प्रतिकारक असल्याशिवाय काम करत नाहीत.

घरचं बियाणं दोन-तीन वर्षं चालतं, कारण धान स्वपरागी आहे. बिघडतं ते हार्वेस्टरमध्ये. टाकीत आदल्या बांधीचं धान उरलेलं असतं. बियाण्याचा तुकडा बांधीच्या मधला निवडा, विळ्यानं कापा, वेगळा झोडपा.