वारंवार गर्भपाताचं तपासणी पॅकेज: कोकणात घ्यावं का, आणि घेतलं तर काय बघून

दोन-तीनदा दिवस गेले, सहाव्या-आठव्या आठवड्यात ठोके आलेच नाहीत किंवा येऊन थांबले, पिशवी साफ करून बाई घरी आली. पुढच्या भेटीत तिच्या हातात एक छापील कागद येतो. वर 'आरपीएल प्रोफाइल' (आरपीएल म्हणजे वारंवार गर्भपात) किंवा 'बीओएच पॅनेल' (बीओएच म्हणजे आधीच्या गरोदरपणांचा वाईट इतिहास) असं नाव, खाली वीस-पंचवीस तपासण्यांची यादी आणि शेवटी एकच ठोक रक्कम. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशा गावांतल्या कलेक्शन सेंटरवर रक्त घेतलं जातं आणि तपासणीसाठी बहुतेक वेळा मुंबई-पुण्याला जातं. हे परीक्षण त्या पॅकेजचं, कुठल्या एका सेंटरचं नाही.

आमचं मत आधीच सांगतो: पॅकेज म्हणून घेऊ नका. त्यातल्या मोजक्या तपासण्या खरोखर हव्यात, पण त्या सुट्या, योग्य आठवड्यात आणि नमुना नीट पाठवला जाईल याची खात्री करून घ्या. यादी जितकी लांब तितकी सेवा चांगली, असं समजून घरातले लोक दागिने मोडून पैसे भरतात. निदान मात्र यादीच्या लांबीवर ठरत नाही, ते ट्यूबवर आणि तारखेवर ठरतं.

तपासणी कधी सुरू करायची, याबद्दल डॉक्टरांमध्ये दोन मतं आढळतात. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना दोन गर्भपातांनंतर तपासा म्हणतात, ब्रिटनमधल्या तीननंतर. वय पस्तिशीकडे झुकलं असेल तर तिसऱ्याची वाट पाहण्यात काही अर्थ नाही. सुरुवात मात्र रक्ताने करू नका. प्रत्येक वेळची पाळीची तारीख, कितव्या आठवड्यात काय झालं, ठोके दिसले होते का, हे एका कागदावर लिहून काढा आणि सोनोग्राफीच्या सगळ्या प्लेट एका फाइलमध्ये लावा. हा फुकटचा कागद अर्ध्या पॅनेलपेक्षा जास्त बोलतो.

यादीतली सगळ्यात महत्त्वाची तपासणी अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडींची (शरीर स्वतःविरुद्धच बनवतं त्या, रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपात घडवू शकणाऱ्या अँटिबॉडी), कारण इथे कारण सापडलं तर उपचार आहे: कमी मात्रेतली अॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं. तिचे तीन भाग असतात. कार्डिओलिपिन अँटिबॉडी आणि बीटा-2 ग्लायकोप्रोटीन अँटिबॉडी (दोन्हींचे आयजीजी व आयजीएम, म्हणजे अँटिबॉडीचे दोन प्रकार) साध्या सीरमवर होतात आणि प्रवासात फारशा बिघडत नाहीत. तिसरा भाग लूपस अँटिकोअॅग्युलंट, ह्याच अँटिबॉडी रक्त गोठायच्या वेळेवरून शोधणारी तपासणी. कोकणातून पाठवलेल्या नमुन्यात गडबड होते ती इथेच.

ही तपासणी फिक्या निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये होते. आत 3.2 टक्के सोडियम सायट्रेट असतं आणि रक्त-सायट्रेटचं प्रमाण 9 ला 1 लागतं, म्हणजे 0.3 मिली सायट्रेटला 2.7 मिली रक्त. ट्यूबवरच्या खुणेपेक्षा रक्त कमी भरलं तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायचा वेळ खोटाच लांबतो. बटरफ्लाय सुईने घेत असतील तर नळीतली हवा आधी ट्यूबमध्ये शिरते आणि ट्यूब भरत नाही, म्हणून पहिली एक ट्यूब फेकायची असते. फेकतात का ते डोळ्यांनी बघा.

त्यानंतर चार तासांच्या आत रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा, आणि तो दुसऱ्यांदा फिरवायचा. दोनदा का? एकदाच फिरवलं तर प्लाझ्मात प्लेटलेट राहतात. तो प्लाझ्मा गोठवला की प्लेटलेट फुटतात, त्यांतलं फॉस्फोलिपिड बाहेर पडतं, आणि जी अँटिबॉडी शोधायची तीच त्याला चिकटून बसते. रिपोर्ट निगेटिव्ह येतो, बाई निर्धास्त होते आणि पुढचा गर्भही जातो. देवगडच्या एखाद्या वाडीत घरी येऊन सकाळी सातला रक्त घेतलं, वाटेत आणखी चार घरं केली आणि बाराला कणकवलीचं सेंटर गाठलं, तर ती ट्यूब तिथेच बाद झाली. घरी येऊन रक्त घेण्याची सोय साखरेसाठी ठीक आहे, ह्या तपासणीसाठी नको. स्वतः सेंटरवर जा आणि तीन गोष्टी विचारा: प्लाझ्मा इथेच दोनदा फिरवता का, उणे 20 चा फ्रीझर आहे का, आणि पाठवताना ड्राय आइस वापरता का. पावसाळ्यात लाइट रात्रभर जाते, म्हणून फ्रीझरला इन्व्हर्टर आहे का हेही विचारायला लाजू नका. ही उत्तरं मिळत नसतील तर लूपसपुरतं थेट मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये जाऊन रक्त द्या. एक दिवस मोडेल, पण रिपोर्ट भरवशाचा येईल.

तारीखही तितकीच महत्त्वाची. गर्भपातानंतर किमान सहा आठवडे जाऊ द्या. हेपॅरिन चालू असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर निदान बारा तास सोडा आणि फॉर्मवर तसं लिहायला लावा. पॉझिटिव्ह आली तर 12 आठवड्यांनी पुन्हा करायची असते, दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आली तरच निदान पक्कं धरतात. पॅकेज विकणारे ही दुसरी फेरी पॅकेजमध्ये धरत नाहीत, आणि आमच्या मते हा ह्या सेवेचा सगळ्यात मोठा दोष आहे. कारण काय होतं, तर रात्री दहाला मोबाइलवर पीडीएफ येतं, कार्डिओलिपिन आयजीएम समोर लाल अक्षरात 'एच' (हाय, म्हणजे जास्त), आकडा पंधरा-वीस. घरात कोणी झोपत नाही. खरं तर निदानासाठी मध्यम किंवा जास्त पातळी लागते, साधारण 40 युनिटच्या वर, तीही दोनदा. एकाच हलक्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर पोटात रोज सुई टोचून घेणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांना हे कोणी नीट समजावून सांगितलेलं नसतं.

टीएसएच (थायरॉइडची) आणि एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) कराच. दोन्ही स्वस्त, दोन्हींवर उपचार आहे. पिशवी साफ केल्यावर खूप रक्त गेलं असेल तर एचबीए1सी खोटाच कमी दिसू शकतो, तेव्हा उपाशीपोटीची साखर सोबत घ्या. थायरॉइडची टीपीओ अँटिबॉडी पॉझिटिव्ह पण टीएसएच नॉर्मल असेल तर गोळीने गर्भ टिकण्यात फरक पडत नाही, हे 2019 च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं आहे.

आता पॅकेजच्या यादीत बहुधा नसलेली, पण आमच्या मते पहिल्या क्रमांकाची तपासणी: पडलेल्या गर्भाच्या ऊतीची. लवकरच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची चूक असते. ही तपासणी झाली तर 'का?' ह्या प्रश्नाला थेट उत्तर मिळतं. पण पॅकेज विकलं जातं सगळं होऊन गेल्यावर, आणि तोवर ऊती फॉर्मलिनमध्ये गेलेली असते किंवा बादलीत.

क्युरेटिंग (पिशवी साफ करणं) ठरलं की आत जायच्या आधीच डॉक्टरांना सांगा: दोन डब्या हव्यात. फॉर्मलिनची डबी हिस्टोपॅथॉलॉजीला (ऊती सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याला), द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी द्राक्षांसारखे फुगे वाढणं) नाही ना ते बघायला. दुसऱ्या निर्जंतुक डबीत फक्त नॉर्मल सलाईन. फॉर्मलिनने पेशी मरतात आणि डीएनएही खराब होतो, त्या डबीतून गुणसूत्रांची तपासणी नंतर सहसा नीट होत नाही. सलाईनमध्ये काय टाकायचं हेही महत्त्वाचं. रक्ताच्या गाठी लाल-काळ्या, गुळगुळीत, बोटाने दाबल्या की विरतात. गर्भाच्या वेष्टनाचे तंतू सलाईनमध्ये हलवले की पांढुरके, पिसासारखे फुलून तरंगतात, खडकावरचं शेवाळ भरतीच्या पाण्यात पसरावं तसे. लॅबला ते तंतू हवेत. नुसत्या गाठी आणि पिशवीचं अस्तर गेलं तर तपासणी आईच्याच पेशींची होते आणि 'नॉर्मल' असा फसवा रिपोर्ट येतो. म्हणून सोबत आईचं 2-3 मिली रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पाठवायचं, म्हणजे लॅब दोन्ही ताडून बघते. डबी 2 ते 8 अंशांत ठेवायची, बर्फाच्या पॅकला थेट चिकटवायची नाही, फ्रीझरमध्ये तर अजिबात नाही.

तपासणी मायक्रोअॅरेची मागा, म्हणजे थेट डीएनएवरून गुणसूत्रांतलं कमी-जास्त बघणारी. जुन्या कल्चरच्या पद्धतीला पेशी जिवंत लागतात, आणि घाटातून किंवा महामार्गावरून रात्रभर गेलेल्या डबीत त्या नेहमीच जगत नाहीत. अॅरेला डीएनए पुरतो.

गोळ्या घेऊन घरीच गर्भ पडणार असेल तर मेडिकलमधून लघवी तपासणीची निर्जंतुक डबी आणि सलाईनची बाटली आधीच आणून ठेवा. नळाचं पाणी वापरू नका, त्याने पेशी फुगून फुटतात. डबी फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत पोचवा. हे करायला मन फार घट्ट करावं लागतं. नवरा, बहीण, आशाताई, कोणी करून देत असेल तर करू द्या. नाही जमलं तर नाही जमलं, त्यासाठी स्वतःला एक शब्दही लावू नका.

ट्रायसोमी असा रिपोर्ट आला, म्हणजे एक गुणसूत्र जास्त, तर ती बहुतेक वेळा बीज तयार होतानाची योगायोगाची चूक असते, वयाबरोबर वाढणारी. पपई, ग्रहण, स्कूटी, विहिरीवरून आणलेला हंडा, ह्यातल्या कशानेही ती होत नाही. तो कागद सासूबाईंनाही वाचून दाखवावा, इतका मोलाचा आहे.

नवरा-बायकोचं कॅरिओटायपिंग (रक्तातून गुणसूत्रांची तपासणी) त्यानंतर. ऊतीच्या रिपोर्टमध्ये गुणसूत्राचा तुकडा कमी-जास्त दिसला, किंवा ऊती तपासायला मिळालीच नाही, तर करा. शंभरातल्या दोन ते पाच जोडप्यांत एकाच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदललेले आढळतात. माणूस पूर्ण निरोगी असतो, गडबड पुढच्या पिढीला वाटणी होताना होते. अशा जोडप्यांनाही निरोगी मूल होतं. नमुना हिरव्या झाकणाच्या हेपॅरिन ट्यूबमध्ये, गोठवायचा नाही. पेशी सुमारे 72 तास वाढवाव्या लागतात, म्हणून नमुना आठवड्याच्या सुरुवातीला द्या. शुक्रवारी संध्याकाळी किंवा गणपतीच्या गर्दीत दिलेला नमुना वाटेतच मरतो आणि दोन आठवड्यांनी 'कल्चर फेल, पुन्हा या' असा निरोप येतो. नवरा चाकरमानी असेल तर त्याने रजा काढून गावी यायची गरज नाही. त्याने मुंबईत थेट लॅबमध्ये द्यावा, फॉर्मवर दोघांची नावं जोडायला सांगावं.

उरलेल्या यादीवर पैसे घालवू नका. टॉर्च पॅनेलमधला (रुबेला, टोक्सोप्लाझ्मा अशा संसर्गांच्या तपासण्यांचा संच) आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी होऊन गेलेला संसर्ग, वारंवार गर्भपाताचं कारण नव्हे. त्यातला फक्त रुबेला उपयोगाचा: निगेटिव्ह असेल तर लस घ्या आणि नंतर एक महिना थांबा. एमटीएचएफआर (एका जनुकाची तपासणी), एनके पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी), नकोत. फॅक्टर पाच, प्रोटीन सी, प्रोटीन एस ह्या रक्त गोठण्याशी संबंधित आनुवंशिक तपासण्या घरात रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तरच. गरोदरपणात प्रोटीन एस आपोआपच उतरतं, त्यामुळे गर्भपातानंतर लगेच केलं की 'कमतरता' असा शिक्का बसतो. आणि ती खरी असली तरी हेपॅरिनने बाळ टिकण्याचं प्रमाण वाढत नाही, हे 2023 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या अॅलाइफ-2 चाचणीने दाखवलं. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचण्याचा उपचार कोणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. 1999 च्या चाचणीत त्याचा काहीही फायदा दिसला नव्हता.

पिशवीचा आकार बघायला थ्री-डी सोनोग्राफी खालून, पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, अस्तर जाड असताना करा. पिशवीत मधोमध पडदा दिसला म्हणून ऑपरेशनची घाई नको. 2021 च्या 80 बायकांच्या चाचणीत पडदा कापून फायदा दिसला नाही, तेव्हा दुसरं मत जरूर घ्या.

सगळं नॉर्मल आलं, तर? साधारण निम्म्या जोडप्यांचं असंच होतं, आणि ती वाईट बातमी नाही. कारण न सापडलेल्यांपैकी बहुतेकींना पुढे औषधाविना मूल होतं. प्रोजेस्टेरॉनबद्दल नेमकं सांगायचं तर 2015 च्या प्रॉमिस चाचणीत (836 बायका) नुसत्या इतिहासावर दिलेल्या गोळ्यांचा फायदा दिसला नाही. 2019 च्या प्रिझममध्ये (4153 बायका) ज्यांना आधी गर्भपात झाले होते आणि ह्या वेळी रक्त दिसत होतं, त्यांना फायदा दिसला. तिथली मात्रा होती 400 मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा, योनीमार्गे. म्हणून डाग दिसला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, उद्यावर ढकलू नका.

पट्टीवर दोन रेषा आल्या की पाचव्या आठवड्यातच सोनोग्राफीला धावू नका. तेव्हा काही दिसत नाही आणि जीव मात्र टांगणीला लागतो. साडेसहा-सात आठवड्यांची वेळ घ्या. गर्भ 7 मिलिमीटरपेक्षा लहान असेल आणि ठोके दिसत नसतील, किंवा गर्भाची थैली 25 मिलिमीटरपेक्षा लहान आणि रिकामी असेल, तर तेवढ्यावर पिशवी साफ करायला होकार देऊ नका. सात ते चौदा दिवसांनी पुन्हा बघायला सांगा, शक्यतो त्याच मशीनवर, त्याच डॉक्टरांकडे.